आत जाऊन पाहणारा माणूस

फोन सकाळी आला. मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो होतो. वर्षाचा आवाज होता. "निमजेकाका, भोयरकाका गेले. आई चहा घेऊन गेली तर…" एवढं बोलून ती थांबली. मी म्हणालो, निघतोच. फोन ठेवला, आणि खरं सांगायचं तर मला रडू आलं नाही. माझी एक गोष्ट ज्या माणसानं चाळीस वर्षं स्वतःच्या नावावर खपवून घेतली, तो गेला होता. आता ती गोष्ट जाणणारा मी एकटाच उरलो. कोणीही म्हणेल, सुटलास की लेका! चपला घालताना क्षणभर मलाही तसंच वाटलं, आणि त्या वाटण्याचीच जास्त भीती वाटली. वर्षाच्या आईला, सुमनताईंना, ती गोष्ट सांगायची की तशीच जाऊ द्यायची, हा प्रश्न प्रताप नगरला पोचेपर्यंत माझ्यासोबत रिक्षात बसून होता.

शामराव भोयर हे नाव वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. ते मोठे नव्हते, पुढारी नव्हते, त्यांच्या नावाचा चौक कुठे होणार नाही. सत्तरीचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही दोघं डासांच्या मागावर असलेल्या एका खात्यात कामाला होतो. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जो दोष सांगणार आहे तो खात्याचा नाही. काम सोपं होतं. घरोघर जायचं, टाकं, टाकी, कुलर, माठाखालची परात, सगळीकडचं पाणी बघायचं, अळ्या वळवळताना दिसल्या की औषध टाकायचं आणि दाराजवळच्या भिंतीवर गेरूनं तारीख घालून सही करायची. त्या सहीला आम्ही खूण म्हणत असू. खूण दिसली की साहेब त्या घरात पुन्हा डोकावत नसे. आता जिथे साहेब डोकावत नाही तिथे आमच्यासारख्यांनी कशाला डोकावावं? आमच्यातल्या निम्म्या जणांनी निम्म्या खुणा सायकलवर एक पाय टेकून केलेल्या असत. मी त्या निम्म्यांतलाच, किंबहुना त्यांचा म्होरक्या.

भोयरभाऊ फौजेतून आलेले. हवालदार होते. उंच, खांदे थोडे पुढे आलेले, मिशी बारीक. त्यांच्याबरोबर पहिल्याच दिवशी मी पाहिलं की हा माणूस कधीच दारासमोर उभा राहत नाही. भिंतीला खांदा लावायचा, हात लांब करून कडी वाजवायची, "घरी कोणी आहे का?" म्हणायचं आणि थांबायचं. आत शिरताना आधी वरचे कोपरे पाहायचे, मग दारामागची जागा, मग पाणी. गच्चीवर टाकी असली की जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते थबकत. कपाळावर घाम येई, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. रुमालानं तो पुसून ते चढत. लेआउटमधल्या, म्हणजे नव्या वसाहतींतल्या, बाया पदराआड हसत. मीही कमी नव्हतो. एकदा म्हणालो, "भाऊ, वर डास आहेत, पाकिस्तानचं ठाणं नाही." ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, "मले मालूम आहे गा. माह्या पायाले मालूम नाही."

नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी पुष्कळदा जेवलो. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बोलघेवड्या होत्या. बांगलादेशच्या लढाईनंतर भाऊ घरी आले तो दिवस त्यांनी मला सांगितला. स्टेशनवर हार घातले, गल्लीनं ताशा लावला, वहिनी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभ्या. नवरा पाच पावलांवर येऊन थांबला तो थांबलाच. म्हणाला, आधी सगळे बाहेर या. म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली, तिलाही दोघांनी उचलून अंगणात आणलं. मग हे गृहस्थ हातात काठी घेऊन एकटे आत गेले. माळा पाहिला, कणगीत काठी घातली, खाटेखाली पाहिलं, न्हाणीत पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, "आता ओवाळ." गल्ली हसून हसून लोटपोट झाली. "मी बी हासली," वहिनी म्हणाल्या, "पण भाऊजी, त्यायनं चुलीतला एक कोळसा हातात आणला होता. दाराच्या चौकटीपाशी हात नेला… अन् मंग कोळसा दूर फेकून देला. बोटं काळी ती काळीच. काहून, ते मले आजवर नाही सांगितलं." हे सांगताना त्यांची तव्यावरची पोळी करपली.

मला ते कळलं, पण वर्षभरानं. वैशाखातली दुपार होती. कडुलिंबाखाली आम्ही डबे सोडले होते. त्या दिवशी मी लागोपाठ चार घरांवर बाहेरूनच खुणा ठोकल्या होत्या आणि त्या त्यांनी पाहिल्या होत्या. मला वाटलं, आता फौजी शिव्या ऐकायला मिळणार. त्यांनी भाकर खाली ठेवली. म्हणाले, "तुले एक सांगतो मधू. घरी नाही सांगितलं. तू बी कोणाले सांगू नको."

पूर्व बंगालातलं एक जिल्ह्याचं गाव. शत्रू पळाला असं सगळे म्हणत होते, पण त्यांच्यातले काही घरांत दडून राहिले होते. शेतात, नदीकाठी लढणं वेगळं, असं भाऊ म्हणाले. तिथे समोर काय आहे ते दिसतं तरी. गल्लीत प्रत्येक खिडकी आपल्याकडे पाहते. बाजारपेठेमागची एक गल्ली त्यांच्या वाट्याला आली होती. एकेका घरात शिरायचं, सगळं धुंडाळायचं आणि घर रिकामं असलं की चौकटीशेजारी कोळशानं फुली मारायची. फुली पाहून मागून येणाऱ्यानं समजायचं की इथून धोका नाही.

"दहा-बारा घरं नीट पायली," भाऊ म्हणाले. "चुलीवर भाताचं भगुनं तसंच. एका घरी पाळणा होता, रिकामा. मंग एक घर आलं. खाली दोन खोल्या, अन् आतून लाकडी जिना. वर अंधार. म्या पायरीवर पाय ठेवला, तर दुसरा पाय उचलेच ना. फौजेत विचारलं तेव्हा म्या सांगितलं का दोन रात्री झोप नव्हती, याद नाही. खोटं आहे ते. मी थकलो नव्हतो गा, मले भेव वाटलं. कान देला. काही आवाज नाही. बाहेर आलो अन् फुली मारली."

ते पाणी प्यायले. लिंबावर कावळा ओरडत होता. मला वाटलं, संपलं.

"पुंडलिक मांगून आला. हिंगण्याकडचा होता, आपल्या इथलाच. त्यानं फुली पायली अन् दाराच्या पायरीवर बसला. बुटाची लेस सुटली होती त्याची. निवांत बसला ना, फुली होती म्हणून. वरच्या खिडकीतून एकच गोळी…" त्यांनी बोट स्वतःच्या मानेवर ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. "त्याच्या बायकोले आठवा महिना होता. फौजेनं घरी कळवलं का वीरगती आली. फुलीचं कोणी नाही लिहिलं. फुली कोणाची, ते कोणाले मालूमच नव्हतं."

ते उठले, हात धुतले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आत जाय गा. पायल्याबिगर गेरू काढू नको." यानंतर पंधरा-वीस दिवस मी प्रत्येक घरात गेलो, अगदी न्हाणीघरातल्या घंगाळापर्यंत. पुढे पावसाळा आला, आणि कुत्र्याचं शेपूट जे करतं ते माझं झालं. हे इथेच लिहून ठेवतो की मी जे केलं ते नकळत केलेलं नव्हतं. खोट्या खुणेनं काय होतं ते मला सांगून झालं होतं.

प्रताप नगरात आमचा गुरुवार असे. तेव्हा तिथे निम्मे प्लॉट मोकळे होते, रस्ते मुरमाचे. ही बीट भाऊंनी साहेबांच्या मागे लागून मागून घेतली होती, आणि महालात राहणारा माणूस एवढी सायकल मारत इकडे कशाला येतो, याचं आम्हाला कोडं होतं. एका गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर होतं. बालवाडीत शिकवणाऱ्या एक बाई मुलीला घेऊन तिथे राहत. बाकी सारी घरं भाऊ स्वतः पाहायचे. या गल्लीच्या तोंडाशी मात्र त्यांच्या सायकलची चेन पडायची. दर गुरुवारी न चुकता. ते खाली बसून चेनशी खुडबुड करत आणि मान वर न करता म्हणत, "ते शेवटचं घर तू पाय." मी मनात म्हणायचो, बाईमाणूस एकटं राहतं, फौजी लाजतो. एवढीच माझी अक्कल.

भाद्रपदातली गोष्ट. घामानं अंगाला सदरा चिकटलेला, आणि पानठेल्यावर रेडिओला लागलेली क्रिकेटची कॉमेंट्री. बाई बालवाडीत गेलेल्या, समोरच्या दाराला कुलूप. पाण्याचं टाकं मागच्या अंगणात होतं. तिथे जायचं तर घराला वळसा घालून चिखलातून जावं लागे. मी गेलो नाही. भिंतीवर तारीख घातली, सही केली आणि पानठेल्यावर गेलो. पुढच्या गुरुवारीही तेच केलं. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. शोधून पाहिलं, चाळीस वर्षं शोधलं, सापडलं नाही.

नंतर एका सोमवारी इस्पितळातून यादी आली. मेंदूपर्यंत चढलेला मलेरिया, मुलगी, वय सात. खाली पत्ता होता. भाऊंनी तो वाचला आणि माझी वाट न पाहता सायकल काढली. मी मागे होतो. ते त्या गल्लीत पहिल्यांदाच शिरले. घरी कोणी नव्हतं. मागच्या अंगणात गेलो. टाक्यात अळ्या इतक्या होत्या की वाकावंही लागलं नाही. भाऊ पुढे आले आणि भिंतीवरच्या गेरूच्या सहीसमोर उभे राहिले. माझी सही, ताजी. माझी तर पाचावर धारण बसली होती. तरी म्हणालो, "भाऊ… मी मागं गेलोच नव्हतो."

त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. राग आला असता तर बरं झालं असतं. ते घाबरले. एवढा माणूस, दोन्ही बाजूंना पाहू लागला, वर पाहिलं, दाराच्या पायरीवर बसला आणि चटका बसावा तसा तिथून उठला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, टाक्यातल्या पाण्यात भिजवला आणि माझी सही पुसली. पूर्ण पुसली. गेरूचा डबा उघडला आणि तीच तारीख घालून खाली सही केली, शा. भोयर. मी म्हणालो, "भाऊ, हे काय करून राहिले?" ते म्हणाले, "तुह्यं आताच लगन झालं. गप राह्य." मी गप राहिलो. ज्या माणसानं बंगालनंतर एकही खोटी खूण केली नव्हती, त्याला मी ती करू दिली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात बालवाडीच्या त्या बाई, म्हणजे सुमनताई, बाकावर बसल्या होत्या. आत मुलगी बेशुद्ध. भाऊ त्यांच्यासमोर गेले आणि ताठ उभे राहिले. "बाई, मी शामराव भोयर. पुंडलिकच्या पलटणीतला." तेव्हा कुठे मला उजेड पडला की ते घर कोणाचं, चेन का पडायची. सुमनताई झटकन उठल्या. सात-आठ वर्षांत त्यांच्या नवऱ्यासोबतचं कोणी त्यांना भेटलं नव्हतं. रडून लाल झालेल्या त्या डोळ्यांत आनंद आलेला मी पाहिला, आणि तो मला अजून दिसतो. "तुमी ओळखत होते त्यायले?" त्या म्हणाल्या. "बसा ना." भाऊ बसले नाहीत. त्यांनी जिन्याचं सांगितलं, फुलीचं सांगितलं, पायरीचं सांगितलं. थकलो होतो असं म्हणाले नाहीत. भेव वाटलं, असंच म्हणाले. आणि मग म्हणाले, "अन् तुमच्या घरच्या टाक्याची खूण बी माहीच आहे. न पायता केली."

मी खांबामागे उभा होतो. दोन पावलं पुढे टाकायची होती. त्या दोन पावलांइतकं लांबचं अंतर मी आयुष्यात पाहिलं नाही.

सुमनताईंनी हळू आवाजात विचारलं, "दोन्ही खेपेले तुमीच?"

"हो."

"जा आता इथून."

वर्षा वाचली. उजव्या कानानं तिला तेव्हापासून ऐकू येत नाही. खात्यानं भोयरांना कडक शब्दांत समज दिली, मला काही नाही. त्यानंतरच्या गुरुवारपासून भाऊंच्या सायकलची चेन कधी पडली नाही. ते त्या घरी जात, बाहेरून हाक मारत. सुमनताई दार उघडत आणि तोंड फिरवून आत जात. हे मागे जाऊन टाकं पाहत, खूण करत आणि समोर येऊन उभे राहत, त्यांनी काही बोलावं म्हणून. त्या बोलत नसत. नागपूरचा मे महिना काय असतो ते वेगळं सांगायला नको. तशा उन्हात तो माणूस अंगणात टोपी काढून पाच-पाच मिनिटं उभा राही आणि मग निघे. त्यांना कोणी पाणी विचारलं नाही. असे दोन उन्हाळे गेले.

मग एका गुरुवारी भाऊंना ताप आला आणि ते गेले नाहीत. शुक्रवारी महालातल्या दारात सुमनताई वर्षाला घेऊन उभ्या. "काल आले नाही म्हणून…" एवढंच म्हणाल्या. वहिनींनी त्यांना आत घेतलं. तिथून भोयर 'काका' झाले. मूलबाळ नव्हतं त्यांना. वर्षाच्या शाळेच्या फॉर्मपासून लग्नातल्या पंगतीपर्यंत सगळीकडे तेच. वहिनी गेल्यावर सुमनताईंनी त्यांना पुढच्या खोलीत आणून ठेवलं. पुढे वर्षानं वर एक खोली बांधली, गच्चीवर टाकी बसवली. ऐंशीच्या घरातला हा माणूस दर गुरुवारी ती टाकी पाहायला चढायचा. पहिल्या पायरीवर थांबायचा, घाम पुसायचा. लोक म्हणतात, काळ गेला की भीती जाते. त्यांची गेली नाही. ते शेवटपर्यंत भिऊन चढले, पण चढले.

मी त्यांना अनेकदा म्हणालो, भाऊ, आता सांगू द्या मला. ते म्हणायचे, "राहू दे गा. दोघायनं कायले भ्याचं? एकजण भेला तरी पुरते." आणि खोटं कशाला बोलू, ते नाही म्हणाले की मला हायसं वाटायचं. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा विचारत असेन.

अग्नी वर्षानं दिला. तेरवी झाली. चार दिवसांनी मी एकटा प्रताप नगरला गेलो. कडी वाजवताना माझ्या लक्षात आलं की मी दारासमोर उभा नाही, भिंतीला खांदा लावून उभा आहे. सुमनताई तांदूळ निवडत होत्या. वर्षा शेजारी होती. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो आणि सगळं सांगितलं. पानठेला, कॉमेंट्री, चिखल, रुमाल, खांब. ततपप झाली, पण सांगितलं.

सुमनताईंचा हात ताटात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन उन्हाळे मी त्यायले पानी नाही इचारलं," त्या म्हणाल्या. "अंगणात उभे राहत. तुमी तिकडं कोपऱ्यावर सायकलवर बसून पाहत होते."

"हो," मी म्हणालो.

त्या मला जा म्हणाल्या नाहीत, बसा असंही म्हणाल्या नाहीत. ताट उचलून आत गेल्या. मी उठलो. वर्षा फाटकापर्यंत आली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पेपरात काकांवर लिहिणार आहात ना तुम्ही? मग हे लिहा. नाव घालून लिहा."

म्हणून लिहितो. मी, मधुकर निमजे, त्या दोन्ही गुरुवारी त्या घराच्या मागच्या अंगणात गेलो नव्हतो. गल्लीच्या तोंडाशी शामराव भोयर सायकलजवळ बसले होते. मी परत आल्यावर त्यांनी दोन्ही वेळा मान वर करून मला विचारलं होतं, "आत जाऊन पायलं ना गा?" आणि दोन्ही वेळा मी म्हणालो होतो, "पायलं भाऊ."